बाबांच्या पुस्तकाचा शेवट

१२ जानेवारी

बारकी,

मी अजून तुझ्याशी बोलत नाही, हे आधीच लिहून ठेवते. नाहीतर पाकिटावरचं अक्षर बघून हुरळून जाशील. पण वाचलेल्याबद्दल कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि आमच्या लॅबमध्ये वाचणारं कुणी नाही. सगळे दातांत अडकलेले. शेजारचा गडी कवळ्यांना पॉलिश मारता मारता रेडिओ ऐकतो, आणि जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक उघडलं की मालक विचारतात, "कसली परीक्षा देताय?" फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं. म्हणून पत्र.

तर ते पियानो दुरुस्त करणाऱ्या बाईचं जाडजूड पुस्तक संपवलं. सुरुवातीला जांभया आल्या. मग ती बाई एका बंद पडलेल्या पियानोसमोर बसून आपल्या नवऱ्याचा विचार करते, तो भाग आला, आणि मी हातातलं मेण थिजेपर्यंत वाचत राहिले. एका गिऱ्हाइकाचा खालचा जबडा त्यापायी वाया गेला. त्यावरची मालिकाही बघितली. ती बाई पुस्तकात पानंच्या पानं विचार करते. मालिकेत काय, तर खिडकीतून बाहेर बघते आणि मागे व्हायोलिन. संपला विचार! आणि तो नवरा. लेखिकेने त्याला चांगला कुरूप केलाय, मन लावून केलाय. तुमच्या सिनेमा-मालिकावाल्या लोकांनी एक देखणा नट घेतला, त्याला जाड चष्मा लावला, झाला कुरूप. तुम्हाला खरंच वाटतं का की आम्हाला कळत नाही?

असो. तुझा सिनेमा मी पाहिलेला नाही आणि पाहणार नाही. बाबांनी आयुष्यात एक पुस्तक लिहिलं. तेही स्वतःच्या पोटच्या मुलावर. त्याचा शेवट बदलायचा हक्क तुला कुणी दिला, हे मी तेव्हाही विचारलं होतं. आईने सही दिली म्हणतेस. आईने ते पुस्तक वाचलेलंच नाही, ती कशावर सही करतेय ते तिला काय माहीत?

तू तेव्हा पाच वर्षांची होतीस. तुझ्यासाठी दादा म्हणजे भिंतीवरचा फोटो. मला तो दिवस दिसतो. खाणीच्या तळ्यातून त्याला काढून आणला तेव्हा अंगावर ओली चादर होती, एकच पाय बाहेर होता आणि टाचेला पांढरा चिखल लागला होता. बाबांनी ते जसंच्या तसं लिहिलंय. तू तिथे काय केलंस? तो बुडाला नाही, कुठल्याशा ट्रकवाल्याबरोबर निघून गेला आणि वीस वर्षांनी परत आला. टाळ्या.

बरं, दुसरी गोष्ट. तुला बोलावण्यासाठी सांगत नाहीये. आईच्या हृदयाची झडप आकसलीय. जिना चढताना मधे बसते. डॉक्टर म्हणतात बदलली तर छान राहील, पण इथे होत नाही, मोठ्या शहरात न्यावं लागेल. मार्चची तारीख मिळालीय. ऑपरेशन झाल्यावर महिना-दीड महिना तिथेच माझ्या मैत्रिणीकडे राहायचं. आई तयार आहे. तिने बॅगही भरून ठेवलीय, वर चष्म्याची जादा जोडी.

ताई


२ फेब्रुवारी

बारकी,

शेजारच्या काकूंनी आईला तुझा सिनेमा दाखवला.

मी लॅबमध्ये होते. काकूंनी नवा टीव्ही घेतलाय, भिंतभर. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. "अहो, तुमच्या लेकीचं नाव मोठ्ठं येतं शेवटी," म्हणून हाताला धरून घेऊन गेल्या. मी घरी आले तर आई जेवणाच्या टेबलापाशी बसलेली. केस विंचरलेले. बॅग रिकामी, आणि त्यातले कपडे पुन्हा कपाटात.

मी म्हटलं, "हे काय?"

"मी नाही जाणार."

"कुठे?"

"ऑपरेशनला. इतके दिवस घर बंद ठेवायचं नाही. तो आला आणि कुलूप दिसलं तर?"

मला आधी कळेचना. मग तिने सगळा सिनेमा सांगितला, अगदी सविस्तर. तो जुन्या घरी येतो, दाराला कुलूप, आई दुसऱ्या गावी राहायला गेलेली, तो जिन्यात बसून राहतो, कुणी ओळखत नाही, निघून जातो. मग अर्धा सिनेमा त्यांची चुकामूक. "त्या बाईने घर सोडलं तिथे चुकलं," आई म्हणाली. "काही गरज नव्हती."

मी म्हटलं, "आई, तो सिनेमा आहे. बारकीने मनाने रचलंय. दादा गेला. आपल्या डोळ्यांसमोर गेला."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहान मुलाने काहीतरी भलतंच म्हटल्यावर बघतात तसं. "सापडला कुठे होता?" म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तारीख विचारली, वार विचारला, उलटे आकडे म्हणून घेतले. तिने सगळं बिनचूक सांगितलं. वर त्यांनाच म्हणाली, "तुमच्या भिंतीवरचं घड्याळ मागे आहे." डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "डोकं ठणठणीत आहे. समजावा. पण फार दिवस घालवू नका."

समजावा म्हणे. तू कधी आईला समजावलंयस?

ताई


११ फेब्रुवारी

बारकी,

तुझं उत्तर नाही. शूटिंग असेल.

मी सिनेमा पाहिला. काकूंकडेच, आईबरोबर. तिला तो परत बघायचा होता.

चांगला आहे. लिहिताना हात जड झालाय, पण चांगला आहे. तो नट दादासारखा दिसत नाही, तरी बोलताना मधेच थांबून वर बघतो, ते तू कुठून आणलंस? मला विसरायला झालं होतं. आणि जिन्यात बसल्यावर तो बुटाची नाडी सोडतो आणि पुन्हा बांधतो, दुसरं काही करत नाही, व्हायोलिनसुद्धा नाही. काकू तर हुंदके देत होत्या.

आई रडली नाही. शेवटी ती आई त्याच्या गळ्यात पडते तेव्हा म्हणाली, "मी आधी एक ठेवून दिली असती. इतकी वर्षं कुठे होतास म्हणून." काकू हसल्या. आईही हसली, मग तिला धाप लागली, आणि आम्ही दोघींनी तिला धरून घरी आणलं. शेजारच्या दारातून आमच्या दारात येताना ती दोनदा थांबली.

आता ऐक. मी तुझ्याशी भांडायला लिहीत नाहीये. तुझ्या सिनेमाने सुरू झालंय, माझं ती ऐकत नाही. तू फोन कर आणि तिला सांग की हे तू रचलंस. तुझ्या तोंडून ऐकलं तर पटेल. एवढंच कर. यायला नको, काही नको.

ताई


२१ फेब्रुवारी

बारकी,

फोन केलास. उपकार झाले.

मी फोन स्पीकरवर ठेवला होता, तुला सांगितलं नाही. आईने विचारलं, "तो परत येतो असं तुला कुणी सांगितलं?" सरळ प्रश्न होता. तू सांगायचं होतंस, कुणी नाही. निर्मात्याने सांगितलं, प्रेक्षकाला रडका शेवट नको असतो, असं म्हणायचं होतंस. आणि तू म्हणालीस, "मला वाटलं, आई."

"मलाही वाटतं," आई म्हणाली. आणि मग तुम्ही दोघी हवापाण्याबद्दल बोललात!

मला किती राग आला सांगू? माझ्या तीन आठवड्यांच्या विनवण्यांवर तुझ्या दोन शब्दांनी पाणी पडलं. आता ती काकूंना सांगते, "धाकटीलाही वाटतं." जणू तू साक्ष दिलीस. काल जिन्यात पावलं वाजली तर हातातला सुई-दोरा ठेवून बसली. वीज मीटर बघणारा माणूस होता. त्याने आकडे लिहून घेतले, पाणी मागितलं, तिने दिलं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. बघवत नाही.

तू म्हणशील, मग मी तिच्याशी खोटं बोलायचं होतं का? नाही. खरं बोलायचं होतं. पण तुला खरंच वाटलं होतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तुला फक्त टाळ्या हव्या होत्या.

मैत्रिणीला कळवलंय की खोली तयार ठेव. तारीख अजून रद्द केलेली नाही.

ताई


१३ मार्च

बारकी,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन फाडली.

मला वाटलं होतं, एकच उपाय उरलाय. बाबांचं पुस्तक. तिने ते कधी उघडलं नाही. तुला आठवत असेल, बाबा गेल्यावरसुद्धा ती त्या कपाटावरची धूळ पुसायची आणि पुस्तक जागचं हलवायची नाही. म्हटलं, वाचून दाखवू. बाबा सांगतील ते तरी ऐकेल. मालकांना गळ घालून सकाळची पाळी घेतली, म्हणजे दुपारी घरी.

आई हो म्हणाली, याचंच मला नवल. खुर्चीत उशी लावून बसली आणि म्हणाली, "चष्मा काढू का? ऐकायचंच आहे ना."

बारकी, ती इतकी छान ऐकते! आपल्या दोघींपेक्षा तिला पुस्तकातलं जास्त कळतं. बाबांनी लिहिलंय की शेगडीवर दूध ठेवून ती गॅलरीत गेली आणि दूध उतू गेलं. लगेच म्हणाली, "माझं दूध कधी उतू गेलं नाही. यांना स्वयंपाकघर म्हणजे काय ते माहीत नव्हतं." दादाच्या पुढच्या दाताचा टवका उडाला होता आणि त्यातून तो शीळ घालायचा, ते आलं तेव्हा मला पुन्हा वाचायला लावलं. "हे बरोब्बर आहे. हे त्यांनी बरोब्बर पकडलंय." मी रोज दात बनवते, आणि तो टवका वरच्या डाव्या दाताचा होता की उजव्या, मला सांगता येईना. तिने बोट ठेवून दाखवलं. डाव्या.

मग तो दिवस आला. तो टॉवेल खांद्यावर टाकून जिना उतरतो, मित्र खाली हाका मारतात. पुढे तळं. शोधाशोध. मग ती चादर. मी वाचत होते. मला ते पाठ आहे, डोळे मिटूनही वाचलं असतं.

"थांब," आई म्हणाली. "हे कुठे झालं?"

"अंगणात. इथे खाली. आपल्या बिल्डिंगच्या."

"असं काही झालं नाही."

"आई, मी होते. मी पाहिलंय. त्याचा पाय..."

"तू नव्हतीस. तुम्हा दोघींना मी त्याच संध्याकाळी मावशीकडे पाठवलं होतं. तू तिथे तापाने फणफणलीस, तुला अंथरुणातून उठवेना. तुला परत आणलं तेव्हा पाणबुडेसुद्धा येऊन गेले होते. खाण खोल. खालचं काही दिसत नाही म्हणाले, आणि गेले."

मी म्हटलं, "मग चादर?"

ती माझा हात थोपटत राहिली. "तुझ्या बाबांना बिचाऱ्यांना तो सापडायला हवा होता गं. रोज संध्याकाळी तिथे जाऊन काठावर उभे राहायचे. मग लिहायला बसले, आणि लिहून उठले तेव्हा जरा बरे दिसले. म्हणून मी वाचलं नाही. मला माहीत होतं, त्यात त्यांनी त्याला सापडवला असेल."

मी मावशीला फोन केला. मावशी म्हणाली, "हो, माझ्याकडेच होतीस की. वरच्या खोलीत. पांढऱ्या पाण्याची स्वप्नं पडायची तुला. असं का विचारतेस?"

ती चादर मी पंधराव्या वर्षी बाबांच्या पुस्तकात वाचली असणार. टाचेचा चिखलही. घरात कुणी बोलत नव्हतं, पुस्तक मात्र बोलत होतं, आणि मी त्यालाच आठवण समजून बसले. तुला सुनावलं तेही त्याच्याच जोरावर.

आता मी तिला काय सांगू? तो गेला, असं ठामपणे म्हणायला माझ्याकडे काहीच उरलेलं नाही. तो गेलाच असणार, हे मला कळतं. त्या खाणीतून कोण वर येणार? मी तेही म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "असेल." मग मी शेवटचं म्हटलं, "काकू घरी राहतील, दार उघडं ठेवतील, दारावर चिठ्ठी लावू, माझा नंबर लिहू."

"दुसऱ्या कुणी दार उघडलं तर तो घाबरेल," ती म्हणाली. "लाजाळू आहे."

आहे, म्हणाली. मी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. हॉस्पिटलची तारीख परवावर आली होती. मी फोन करून रद्द केली. पलीकडची मुलगी म्हणाली, "कारण काय लिहू?"

ताई


८ एप्रिल

बारकी,

तुझं पत्र मिळालं. येतेयस हे वाचून बरं वाटलं, आणि मला बरं वाटलं हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

तू विचारलंस ते आधी सांगते. आता ऑपरेशन होणार नाही. गेल्या आठवड्यात तिच्या पायांवर सूज आली. स्ट्रेचरवरून खाली उतरवावं लागेल म्हणून डॉक्टरच घरी आले. तपासून म्हणाले, फुप्फुसात पाणी आहे, आता भूल झेपणार नाही. मार्चच्या तारखेला जमलं असतं. त्यांनी ठपका ठेवला नाही, फक्त म्हणाले. आई म्हणाली, "डॉक्टर, घड्याळ लावलंत का?" त्यांनी होय म्हटलं. मला वाटतं लावलं नसेल.

तुला काय वाटत असेल ते मला कळतं. सिनेमा नसता तर आज ती ऑपरेशन होऊन बरी होत असती, असं मीही कितीदा मनात म्हटलंय. पण मग काल ती झोपेतून उठली आणि जिन्यात कुणीतरी शीळ घालत गेलं, दुसऱ्या मजल्यावरचा पोस्टमन असेल, तेव्हा तिचा चेहरा असा झाला की मला तिच्याकडून ते काढून घेववेना. तू दिलेलं आहे ते. चांगलं की वाईट, मला ठरवता येत नाही. तू इथे येऊन ठरव. मी थकले.

तुझ्या नव्या कामाबद्दल लिहिलंयस, त्या बेटावरच्या कादंबरीचं. मी वाचलीय ती. शेवट ढिला आहे, बदललास तर मी काही म्हणणार नाही. फक्त म्हाताऱ्याला देखणा करू नकोस.

इथे दिवस असे जातात. सकाळी मी लॅबमध्ये. काकू तिच्यापाशी बसतात. ती आता आडवी झोपू शकत नाही, उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपते. अन्न थोडं जातं. दुपारी मी आले की म्हणते, "वाच." दुसरं पुस्तक चालत नाही. पियानोवाल्या बाईचं आणलं होतं, म्हणाली, "ही फार विचार करते." बाबांचंच हवं असतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते चादरीचं पान आल्यावर तिने थांबवलं होतं. मग ठरूनच गेलं. रोज दुपारी मधलाच भाग घ्यायचा, त्या दिवसाची सकाळ. तो टॉवेल खांद्यावर टाकून जिना उतरायला लागला की ती हात वर करते. मी पुस्तक मिटते. "इथपर्यंत खरं आहे," म्हणते आणि डोळे मिटते. मग आम्ही दोघी तशाच बसतो.

तू आलीस की दुपारी वाचायचं काम तू घे. तुझा आवाज बरा आहे, माझा हल्ली मधेच बसतो. कुठे थांबायचं म्हणून पानावर खूण केलेली नाही. तिच्या हाताकडे लक्ष ठेव. बोलायला तिला त्रास होतो, हात मात्र वर करते.

लवकर ये. हल्ली ती रोज थोडं आधी थांबवते. परवा तो दारात चपला शोधत होता, तिथेच हात वर केला. काल त्याआधी. तो टेबलापाशी बसून दूध पीत होता आणि तिच्याकडे टॉवेल मागत होता. काल तो अजून घरातच होता.

ताई